कृषी अभियांत्रिकीचं कॉलेज निवडायचंय? ट्रॅक्टरचा अवर मीटर बघून या

बारावीचा निकाल लागला की घराघरात पसंतीक्रमाची चर्चा सुरू होते. कृषी अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलामुलींना या काळात नीट माहिती देणारं माणूस फार कमी भेटतं. शेजारचे काका सांगतात, "ॲग्री कर, एमपीएससीला बरं." कोचिंगचे सर सांगतात, "त्यापेक्षा कॉम्प्युटर घे." आणि ज्या कॉलेजात चार वर्षं काढायची, ते अर्ज भरेपर्यंत कोणी डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं.

माझं असंच झालं होतं. घरापासून जवळ आणि एसटीची थेट सोय, म्हणून एका विनाअनुदानित कॉलेजला मी पहिली पसंती दिली. ते कॉलेज मिळालं आणि चार वर्षांनी पदवीही मिळाली. पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठात गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी पेरणी यंत्राचं अंशमापन, म्हणजे कॅलिब्रेशन, करायला सांगितलं. चाक किती फेरे फिरवायचं, किती बी पडलं तर एकरी किती होतं, हे सगळं मला वहीत लिहिता येत होतं. पण यंत्राला मी तोवर हात लावला नव्हता. सोबतच्या मुलांनी जॅकवर यंत्र उचललं, चाकावर खडूने खूण केली, पिशव्या बांधल्या आणि मोजायला सुरुवात केली. मी बाजूला उभा होतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या आत्याच्या मुलाला प्रवेश घ्यायचा होता, तेव्हा ती वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून आम्ही दोघे गाडी काढून कॉलेजं पाहत फिरलो. त्या फिरण्यातून आणि माझ्या चुकांमधून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहितोय. महाराष्ट्रातल्या प्रवेशाबद्दलच प्रामुख्याने लिहिलंय. बाहेरच्या राज्यांबद्दल शेवटी थोडं आहे.

१. आधी विषय ओळखा

बी.एस्सी. कृषी आणि बी.टेक. कृषी अभियांत्रिकी या दोन वेगळ्या पदव्या आहेत. पहिलीत पीक, माती, कीड-रोग, बियाणं यांचा अभ्यास असतो. दुसरीत शेतीला लागणारं अभियांत्रिकी शिकवतात, आणि त्यात गणित भरपूर असतं. म्हणून बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं, आणि एमएचटी-सीईटीसुद्धा पीसीएम गटातूनच द्यायला हवी. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेली मुलं दरवर्षी इथेच अडकतात. घरात कोणी अकरावीला असेल, तर हे आत्ताच सांगून ठेवा.

चार वर्षांत साधारण पाच दिशांचे विषय येतात. शेती यंत्रे व शक्ती, मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, प्रक्रिया व अन्न अभियांत्रिकी आणि अक्षय ऊर्जा. पहिल्या वर्षी अभियांत्रिकी चित्रकला, गणित, सर्वेक्षण, वर्कशॉप असे विषय असतात. "शेतीचं शिकायला आलो आणि इथे तर बीम आणि बेंडिंग मोमेंट" असं म्हणून पहिल्या सत्रात हिरमुसलेली मुलं मी पाहिलीत. आधी माहीत असलं तर हिरमोड होत नाही. हा विषय आपल्या देशात नवा नाही. पहिली पदवी १९४२ मध्ये अलाहाबादजवळच्या नैनीच्या कृषी संस्थेत सुरू झाली, तर खरगपूरच्या आयआयटीत हा विभाग १९५२ पासून आहे.

नव्या अभ्यासक्रमाबद्दलही एक गोष्ट सांगतो. कृषी शिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार २०२४-२५ पासून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय झाली आहे. अडचणीत ती उपयोगी पडेल, पण त्या भरवशावर कॉलेज निवडू नका. यंत्रांचं, सिंचनाचं आणि प्रक्रियेचं खरं शिक्षण तिसऱ्या-चौथ्या वर्षातच होतं.

२. पदवी कोण देणार आणि मान्यता कोणाची, हे कागदावर बघा

कॉलेजच्या जाहिरातीत 'कृषी अभियांत्रिकी' एवढंच ठळक लिहिलेलं असतं. त्याखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिला प्रकार कृषी विद्यापीठाच्या घटक महाविद्यालयांचा. ती विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारात असतात, शेत विद्यापीठाचं असतं आणि शिक्षक विद्यापीठाच्या सेवेत असतात. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चं, आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ ही दोन्ही १९७२ ची. चौघांचीही कृषी अभियांत्रिकीची जुनी महाविद्यालयं आहेत.

दुसरा प्रकार याच विद्यापीठांशी संलग्न असलेल्या खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचा. पदवी विद्यापीठाचीच मिळते आणि अभ्यासक्रमही तोच असतो. फरक पडतो तो शिक्षक, शेत आणि यंत्रं यांत, आणि हा फरक कॉलेजागणिक प्रचंड असतो. या प्रकारात खरोखर चांगली कॉलेजं आहेत आणि नुसत्या इमारतीही आहेत.

तिसऱ्या प्रकारात खासगी विद्यापीठं येतात, आणि एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, मान्यतेने चालणाऱ्या अभियांत्रिकी कॉलेजांमधला कृषी अभियांत्रिकी विभागही येतो. इथे एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएआरची, अधिस्वीकृती (ॲक्रेडिटेशन) आहे का? पुढे आयसीएआरच्या प्रवेश परीक्षेतून एम.टेक.ला जायचं असेल, तर अधिस्वीकृत संस्थेची पदवी लागते. चौथ्या वर्षी हे कळलं तर उपाय राहत नाही. अधिस्वीकृतीला मुदत असते, म्हणून "आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. पत्र दाखवायला सांगा आणि त्यावरची तारीख वाचा.

३. त्या भागातली माती आणि पाणी बघा

अभ्यासक्रम सगळीकडे एकच असला, तरी शिकणं सारखं होत नाही. विद्यापीठ ज्या प्रदेशात असतं, तिथल्या अडचणींवर तिथले विभाग वर्षानुवर्षं काम करत असतात. प्रकल्प, प्रात्यक्षिकं आणि सरांच्या बोलण्यातली उदाहरणं सगळी तिथूनच येतात. कॉलेज निवडताना याचा विचार फारसा कोणी करत नाही. मला मात्र तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दापोलीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच डोंगरउतारावर कलमांना पाणी नसतं. जांभ्या जमिनीत पाणी थांबत नाही. त्यामुळे तिथे जलकुंड (पावसाचं पाणी साठवायचे छोटे खड्डे) आणि कोकण विजय बंधारा (ओढ्यावरचा छोटा बंधारा) अशी कामं झाली. आंबा काढायचा नूतन झेला तिथलाच. उतारावरचं मृदसंधारण, फळप्रक्रिया, छोटी हाताने चालणारी अवजारं यांत रस असेल, तर दापोलीत ते रोज डोळ्यांसमोर असतं.

अकोल्याची गोष्ट वेगळी. भोवती काळी भारी जमीन आहे आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा जवळच. तिथे निचरा हा पुस्तकातला धडा राहत नाही. विहिरीचं पाणी खारट, वर चिकट माती, आणि त्यात पीक काढायचं. शिवाय हा तूर-हरभऱ्याचा पट्टा. पीकेव्ही मिनी दाळ मिल याच विद्यापीठातून निघाली आणि गावोगावच्या बचत गटांपर्यंत पोचली. प्रक्रिया अभियांत्रिकीत काही करायचंय, त्याने अकोल्याचा विचार जरूर करावा.

परभणीत पशुशक्तीच्या वापरावर बरीच वर्षं संशोधन सुरू आहे. बैलचलित अवजारं, बैलचलित सौर फवारणी यंत्र ही तिथली कामं. "आता बैल कुठे राहिलेत" असं म्हणणाऱ्यांना मराठवाड्यातल्या दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याचा हिशोब माहीत नसतो. कोरडवाहू शेतीची यंत्रं शिकायला हा भाग मोलाचा आहे.

राहुरी नगर-मनमाड रस्त्यावर, मुळा धरणाजवळ. उसाचं आणि बागायतीचं क्षेत्र भोवताली, म्हणून पाण्याच्या हिशोबाचं काम तिथे जोरात चालतं. पिकाला किती पाणी कधी द्यायचं, हे सांगणारं 'फुले इरिगेशन शेड्यूलर' हे मोबाइल ॲप राहुरीचं. ठिबक, स्वयंचलित सिंचन, हवामानानुसार पाणी व्यवस्थापन यांत पुढे जायचं असेल, तर तिथलं वातावरण उपयोगी पडतं.

याचा अर्थ अकोल्याला सिंचन शिकवत नाहीत किंवा राहुरीला दाळ मिल नाही, असा नाही. पण दोन कॉलेजं मिळण्यासारखी असतील आणि निर्णय होत नसेल, तर आपल्या घरची शेती कशी आहे आणि आपल्याला कोणता प्रश्न सोडवावासा वाटतो, ते स्वतःला विचारा. आत्याच्या मुलाने तेच केलं. त्यांच्या शेतात पावसाळ्यात पाणी साचतं आणि दरवर्षी सोयाबीन पिवळं पडतं. त्याने निचऱ्याचं काम कुठे होतं ते पाहूनच पसंतीक्रम लावला.

४. स्वतः जाऊन या, आणि शनिवार-रविवारी जाऊ नका

कामाच्या दिवशी जा. प्रवेशाच्या गर्दीत जाल तर फक्त प्रवेश कक्ष आणि रंगवलेली भिंत दिसेल. शक्य असेल तर सत्र सुरू असताना, बारावीच्या परीक्षेआधीच एक चक्कर मारा. पालकांना सोबत घ्या, पण प्रश्न तुम्ही विचारा.

सगळ्यात आधी यंत्रांच्या शेडकडे जा. ग्रंथालय आणि संगणक कक्ष ते आपणहून दाखवतात. शेड दाखवायला सांगावं लागतं. एका कॉलेजात आम्हाला शेडची किल्ली सापडायला पाऊण तास लागला. आत ट्रॅक्टर उभा होता, सीटवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. मी डॅशबोर्डवरचा अवर मीटर पाहिला. इंजिन किती तास चाललं, हे तो मोजतो. ट्रॅक्टर आठ वर्षांपूर्वी घेतलाय असं सोबतचे सर सांगत होते, आणि मीटरवर दोनशे तासही भरले नव्हते. शेतावर कामाला जाणारा ट्रॅक्टर एका वर्षात त्याहून जास्त चालतो. रोटाव्हेटरच्या पात्यांवर कारखान्यातला रंग शाबूत होता. पेरणी यंत्राच्या बियाण्याच्या पेटीत कोळ्याचं जाळं होतं.

दुसऱ्या एका कॉलेजातली शेड पत्र्याची, जुनी, एका बाजूने गळणारी. पण नांगराचा फाळ घासून चकचकीत झालेला, रोटाव्हेटरच्या पात्यांना सुकलेली माती, आणि भिंतीला दोरीने टांगलेली एक वही. कोणत्या तारखेला कोणत्या बॅचने कोणतं यंत्र शेतात नेलं, किती डिझेल लागलं, कोणाची सही, सगळं त्यात होतं. आम्ही ते कॉलेज यादीत वर घेतलं.

एवढं बघा:

- यंत्रांवर माती आहे की रंग? ट्रॅक्टरचा अवर मीटर किती दाखवतो?
- वर्कशॉपमध्ये लेथ किती, चालू किती? खाली लोखंडाचा कीस पडलेला दिसतो का? वेल्डिंगच्या खोलीत मुलांनी केलेले जॉब ठेवलेत का?
- सर्वेक्षणाला ऑटो लेव्हल आणि टोटल स्टेशन किती आहेत, आणि एका उपकरणामागे किती मुलं? चार-पाच जणांत एक असेल तर हाताळायला मिळतं. वीस जणांत एक असेल तर फक्त रीडिंग उतरवून घ्यावं लागतं.
- ठिबकचा संच शेतात बसवलेला आहे की फलकावर लावलेला? फिल्टर, व्हेंच्युरी, व्हॉल्व्ह खोलून जोडायला देतात का?
- प्रक्रिया प्रयोगशाळेतल्या यंत्रांना थ्री-फेज जोडणी आहे का? हा प्रश्न साधा वाटतो, पण वीजजोडणी नाही म्हणून वर्षभर न चाललेला ड्रायर मी पाहिलाय.
- कॉलेजचं स्वतःचं शेत किती, आणि ते चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे का?

५. शिक्षकांबद्दल विचारायला लाजू नका

पाच विभागांना पाच विषयांचे शिक्षक हवेत. 'शिक्षक किती' यापेक्षा 'कोणत्या विषयाचे किती, कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती' असं विचारा. तासिका तत्त्वावर शिकवणारे सरही उत्तम शिकवतात, मला स्वतःला मिळालेत. अडचण अशी होते, की ते दर वर्षी बदलतात. तिसऱ्या वर्षात सुरू केलेला तुमचा प्रकल्प चौथ्या वर्षात कोणाच्या हाताखाली पूर्ण करायचा, हा प्रश्न मग उभा राहतो.

शासकीय महाविद्यालयांतही पदं रिकामी असतात. मोठं नाव आहे म्हणून सगळे विभाग भरलेले असतील, असं धरून चालू नका.

खरी माहिती मुलांकडून मिळते. मेसच्या बाहेर किंवा चहाच्या टपरीवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं भेटतील. त्यांना "कॉलेज कसं आहे?" असं विचारलं तर "चांगलंय" एवढंच येतं. नेमकं विचारा. मागच्या सत्रात किती प्रात्यक्षिकं प्रत्यक्ष झाली? तुम्ही स्वतः ट्रॅक्टर चालवलाय का? चौथ्या वर्षी इन-प्लांट ट्रेनिंगला कुठे गेलात, आणि ते कॉलेजने मिळवून दिलं की तुम्ही स्वतः शोधलं? शेवटच्या वर्षातला प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचा 'स्टुडंट रेडी' कार्यक्रम अभ्यासक्रमाचा भाग आहे, त्यामुळे तो सगळीकडे 'होतो'. कसा होतो, ते मुलंच सांगतात.

मुलींनी वसतिगृहाबद्दल मुलींनाच विचारावं. खोल्या किती, पाणी कधी येतं, आणि शेतावरचं प्रात्यक्षिक सकाळी सहाला असेल तर जायची सोय काय. काही ठिकाणी अजूनही यंत्र चालवायची वेळ आली की मुलींना वही धरायला उभं करतात. ज्या कॉलेजात मुली ट्रॅक्टर चालवताना दिसतील, त्याला जास्त गुण द्या, मग तुम्ही मुलगा असाल तरी.

६. सीईटी आणि अर्ज: दोन रांगा आहेत, एक नाही

प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी ही राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा द्यावी लागते. भौतिक, रसायन आणि गणित या तिन्हींचे ५०-५० प्रश्न, एकूण २०० गुण. उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ते पुढे. सीईटी दिली म्हणजे सगळीकडे अर्ज झाला, असं होत नाही. अभियांत्रिकीची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया वेगळी आणि कृषी अभ्यासक्रमांची वेगळी. दोन्हींची नोंदणी वेगळी, तारखा वेगळ्या, शुल्क वेगळं. आमच्या गावातल्या एका मुलीने फक्त अभियांत्रिकीचा अर्ज भरला आणि यादीत कृषी विद्यापीठांची कॉलेजं का दिसत नाहीत, ते शोधत राहिली. तोवर कृषीची नोंदणी बंद झाली होती.

गुणवत्ता यादीतला आकडा आणि सीईटीचे पर्सेंटाईल ही एकच गोष्ट धरू नका. कृषी प्रवेशात शेतकरी कुटुंबातल्या उमेदवाराला सातबाऱ्यावरून वाढीव गुण मिळत आलेत, त्यामुळे यादीतला क्रम बदलतो. मागच्या वर्षीचा कटऑफ पाहताना तो कोणत्या फेरीचा, कोणत्या प्रवर्गाचा आणि कोणत्या आकड्यावर काढलेला आहे, हे वाचल्याशिवाय अंदाज बांधू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचा. कंटाळवाणी असते, पण माझ्या ओळखीत झालेल्या बहुतेक चुकांचं उत्तर त्या पुस्तिकेत छापलेलं होतं.

७. कागदपत्रं: मे महिन्याची वाट बघू नका

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- सीईटीचं गुणपत्रक आणि प्रवेशपत्र
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र
- सातबारा उतारा, आणि शेतजमीनधारक असल्याचा पुस्तिकेतल्या नमुन्यातला दाखला
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं
- आर्थिक दुर्बल घटकात येत असाल तर त्याचं प्रमाणपत्र
- चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- आधार कार्ड, आणि आधारशी जोडलेलं स्वतःच्या नावाचं बँक खातं
- प्रकल्पग्रस्त, माजी सैनिकांचे पाल्य अशा आरक्षणासाठी त्या त्या दाखल्यांच्या प्रती

यात दोन कागद सगळ्यात जास्त त्रास देतात. पहिला जात वैधता. याला महिने लागतात, आणि त्याचा प्रस्ताव बारावीच्या कॉलेजातूनच पाठवावा लागतो. अकरावीतच अर्ज करून टाका.

दुसरा सातबारा. आपल्याकडे जमीन अजून आजोबांच्या नावावर असते, कधी कधी पणजोबांच्याही. वारसनोंद झालेली नसते. मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव यांची साखळी जुळली नाही, तर पडताळणीत तो कागद बाद होतो आणि वाढीव गुण जातात. आमच्या घरी उताऱ्यावर आजोबांचं नाव 'बापू' म्हणून होतं आणि बाकी सगळीकडे वेगळं. ते जुळवायला तलाठी कार्यालयात चार खेपा झाल्या. हे काम दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या. जूनमध्ये पेरणी, पीक कर्ज आणि प्रवेशाचे दाखले असे सगळे एकाच वेळी तिथे उभे असतात.

८. पसंतीक्रम मनाप्रमाणे लावा

"मला हे मिळणार नाही, म्हणून टाकत नाही" असं करू नका. वरची पसंती मिळाली नाही म्हणून खालची हुकत नाही. जे कॉलेज सगळ्यात जास्त हवंय ते पहिलं, मग दुसरं, असं खाली येत जा. कटऑफ पाहून उलटसुलट क्रम लावला, की मिळण्यासारखं चांगलं कॉलेज हातचं जातं.

उलट बाजूने, जिथे मिळालं तरी तुम्ही जाणार नाही, असं कॉलेज 'असू द्या' म्हणून टाकू नका. जागा मिळाल्यावर ती नाकारली, तर पुढच्या फेरीत काय होतं याचे नियम कडक असतात, आणि ते वर्षागणिक बदलतात. पहिली पसंती मिळाली तर पुढे बदलाची संधी राहते का, शुल्क परत मिळतं का, एवढ्या दोन गोष्टी क्रम निश्चित करण्याआधी वाचून ठेवा.

अर्ज स्वतः भरा किंवा भरताना शेजारी बसा. नेट कॅफेत अर्ज भरायला देऊन घरी येणं फार महागात पडतं. पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल नंबर तुमच्याकडेच हवा. एखादं कॉलेज "आम्हीच तुमचा अर्ज भरून देतो" म्हणून मूळ कागदपत्रं मागत असेल, तर देऊ नका. ते भरून देतील तेव्हा पहिली पसंती कोणाची असेल, ते सांगायला नको.

९. पैशांचं गणित

घटक महाविद्यालयांचं शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी असतं. पण शिक्षण शुल्काबरोबर वसतिगृह, मेस, गणवेश, शैक्षणिक सहल, प्रशिक्षणाचा प्रवास आणि तिथली राहण्याची सोय, हे सगळं धरून चार वर्षांचा हिशोब करा. खासगी कॉलेजात 'विकास निधी', 'प्रात्यक्षिक शुल्क' अशी वेगळी नावं असतील, तर एकूण आकडा लेखी घ्या.

राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या योजना पाहा. खुल्या प्रवर्गातल्या, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

या सवलतींची अट नीट लक्षात घ्या. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की त्या मिळत नाहीत. "आत्ता कोट्यातून घ्या, शिष्यवृत्तीचं आम्ही बघू" असं कोणी म्हणालं, तर तिथून निघा.

१०. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर

राज्यांच्या कृषी विद्यापीठांतल्या काही जागा आयसीएआरमार्फत देशपातळीवर भरल्या जातात. त्यासाठी सीयूईटी ही परीक्षा द्यावी लागते. पंतनगर, लुधियाना, कोइम्बतूर, उदयपूर, रायचूर इथे कृषी अभियांत्रिकीचं शिक्षण जुनं आणि भक्कम आहे. लुधियानाला कंबाईन हार्वेस्टरच्या पट्ट्यात शिकणं म्हणजे काय, हे तिथल्या शेतात उभं राहिल्यावरच कळतं. स्वतःच्या राज्याबाहेर या मार्गाने प्रवेश घेणाऱ्यांना आयसीएआरची नॅशनल टॅलेंट शिष्यवृत्तीही असते. खरगपूरच्या आयआयटीसाठी मात्र जेईई ॲडव्हान्स्ड लागते.

इथे एक कागदाची अडचण येते. केंद्रीय प्रक्रियेत इतर मागास वर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. तहसीलमधून दोन्ही एकदमच काढून घ्या.

११. पुढच्या नोकरीचा विचार, पण जाहिरात वाचून

महाराष्ट्र कृषी सेवा, बँकांमधलं कृषी क्षेत्र अधिकारी पद, गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेचा स्वतंत्र कृषी अभियांत्रिकी पेपर, ठिबक, ट्रॅक्टर आणि प्रक्रिया उद्योग, असे बरेच रस्ते आहेत. पण सगळीकडे कृषी पदवीधर आणि कृषी अभियंता यांना सारखंच धरतात, असं नाही. काही पदांसाठी जलसंधारणाचं काम असूनही स्थापत्य अभियंताच मागतात. आपल्या मुलांवर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. पण तुम्ही निर्णय घेताना जाहिरातीत काय छापलंय तेच धरा. ज्या पदाचं स्वप्न आहे त्याच्या गेल्या दोन-तीन जाहिराती काढा आणि शैक्षणिक अर्हतेत 'कृषी अभियांत्रिकी' हे शब्द आहेत का, ते पेनाने अधोरेखित करून बघा. कॉलेजला भेट द्याल तेव्हा प्लेसमेंटच्या फलकावरचे फोटो मोजण्यापेक्षा, गेल्या वर्षीच्या बॅचमधली किती मुलं आज कुठे आहेत, ते चौथ्या वर्षाच्या मुलांना विचारा.

१२. प्रवेशाच्या दिवशी

मूळ कागदपत्रांचा एक संच आणि स्वसाक्षांकित प्रतींचे तीन संच न्या. मूळ कागद जमा करून घेतले, तर प्रत्येकाची नोंद असलेली पोचपावती घ्या. शाळा सोडल्याचा दाखला एकदा जमा झाला की परत मिळवायला अर्ज, शिक्के आणि दिवस लागतात, म्हणून जमा करण्याआधी दाखल्याच्या पाच-सहा रंगीत प्रती काढा. वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी भरा. जागा मर्यादित असतात आणि दुसऱ्या फेरीची मुलं येईपर्यंत संपतात.

आणि शहरातून सामान घेताना वर्कशॉपसाठी जाड तळव्याचे, बंद बूट घ्या. पहिल्याच आठवड्यात लागतात. सँडल घालून आलेल्याला लेथजवळ उभं राहू देत नाहीत.